आपल्या समुदायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपर्यंत कसा न्यायचा: पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी

गावाची जमीन खाणीत जातेय, पिढ्यानपिढ्या वापरातलं जंगल एका अधिसूचनेने बंद झालंय, आणि स्थानिक कचेरीपासून राजधानीपर्यंत सगळीकडे चपला झिजवून झाल्यात. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आता हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांत न्यायचं." त्या वाक्यापासून पुढे नेमकं काय करायचं, ते सांगण्यासाठी हा लेख. जगातल्या कुठल्याही आदिवासी समुदायात काम सुरू केलेले तरुण कार्यकर्ते आणि त्यांना मदत करणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

संयुक्त राष्ट्रं म्हणजे आणखी वरचं कोर्ट, ही समजूत सुरुवातीलाच सोडून द्या. जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये कुणी तुमची जमीन परत करण्याचा हुकूम काढत नाही. तिथून मिळतो तो कागद: अहवालातला एखादा परिच्छेद, सरकारला गेलेलं पत्र, करारातलं एखादं कलम. हा कागद घरी आणून कोर्टात, संसदेत, कर्ज देणाऱ्या बँकेपुढे आणि पत्रकारांपुढे ठेवायचा असतो. म्हणून जाण्याआधीच कोणता कागद हवा आणि तो कुठे वापरणार, एवढं ठरलेलं असेल तर निम्मं काम झालं. ते न ठरवता गेलेली चांगली चांगली माणसं उत्तम भाषण करून हात हलवत परत येतात, आणि मागे गावात निराशा पसरते.

ही वाट कुणी पाडली

थोडा इतिहास ठाऊक असावा, कारण आज जे दार उघडं दिसतं ते आपोआप उघडलेलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी या आदिवासी राष्ट्रांच्या संघातले कायुगा प्रमुख डेस्काहे 1923 मध्ये कॅनडा सरकारविरुद्धचं गाऱ्हाणं घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेकडे) गेले. वर्षभराहून जास्त काळ ते तिथे थांबले, पण राष्ट्रसंघाने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही. 1982 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आदिवासींविषयीचा कार्यगट सुरू झाला, आणि तिथे मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का नसलेल्या आदिवासी प्रतिनिधींनाही बोलू देण्याचा पायंडा पडला. 9 ऑगस्ट हा दिवस जगभर आदिवासी दिन म्हणून पाळला जातो तो याच कार्यगटाच्या पहिल्या बैठकीमुळे. पुढे पंचवीस वर्षं घासाघीस होऊन 13 सप्टेंबर 2007 रोजी आमसभेने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने 144 मतं, विरोधात चार, तटस्थ 11. विरोध करणारे देश होते ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. 2009 आणि 2010 मध्ये या चौघांनीही भूमिका बदलून जाहीरनाम्याला पाठिंबा दिला.

पायरी 1: जाहीरनाम्याची कलमं हाताशी ठेवा

जाहीरनाम्यात 46 कलमं आहेत. सगळी एकदा वाचाच, पण काही अगदी तोंडपाठ हवीत. कलम 3 स्वयंनिर्णयाचं. कलम 10 सांगतं की संमतीशिवाय कुणालाही आपल्या भूमीवरून हटवता येणार नाही. कलम 18 निर्णयप्रक्रियेतल्या सहभागाचं, तेही समुदायाने स्वतः निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत. कलम 19 कायदे आणि धोरणांआधी, तर कलम 32 खाणी, धरणं अशा प्रकल्पांआधी मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती (म्हणजे दबावाविना, आधीच आणि पूर्ण माहिती देऊन) घेण्याविषयी. कलम 26 जमिनीचं, 28 भरपाईचं, 31 पारंपरिक ज्ञानाचं. आणि कलम 46 सुद्धा वाचा, कारण सरकारचा वकील तेच पुढे करणार आहे: जाहीरनाम्याचा आधार घेऊन देशाची अखंडता मोडता येणार नाही, असं ते सांगतं.

जाहीरनामा हा करार नाही, त्यामुळे तो सरकारांवर थेट बंधनकारक नाही, हे खरं. पण म्हणून तो निरुपयोगी आहे असं कुणी म्हणालं तर मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाचं उदाहरण द्या. जाहीरनामा मंजूर झाल्यावर जेमतेम पाच आठवड्यांत, 18 ऑक्टोबर 2007 ला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माया गावांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला आणि निकालात जाहीरनाम्याचा आधार घेतला. बेलीझने त्याच्या बाजूने मत दिलं होतं, याची आठवणही सरकारला करून दिली. आपल्या सरकारने 2007 मध्ये काय मत दिलं होतं ते म्हणूनच शोधून ठेवावं.

बंधनकारक करार हवा असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1989 चा करार क्रमांक 169 आहे. त्याला मान्यता दिलेले देश मोजकेच आहेत, बरेचसे लॅटिन अमेरिकेतले. आशियातून नेपाळने 2007 मध्ये मान्यता दिली. तुमचा देश त्यात नसेल तरी वांशिक भेदभावाविरुद्धचा करार, स्त्रियांविषयीचा करार, बालहक्क करार यांवर त्याची सही बहुधा असतेच, आणि त्या प्रत्येकाची समिती आदिवासींचे प्रश्न हाताळते.

इथे एक अडथळा ठरलेला असतो. काही सरकारं म्हणतात, "आमच्या देशातले सगळेच नागरिक मूळचे इथलेच, त्यामुळे हे आम्हाला लागूच नाही." या वादात शक्ती घालवू नका. संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींची एकच एक व्याख्या मुद्दामच केलेली नाही. समुदाय स्वतःला काय मानतो याला मोठं वजन आहे. तुमचं सरकार काहीही म्हणो, पुढे सांगितलेल्या मंचांवर तुम्हाला बोलता येतं.

पायरी 2: प्रश्न तसा मंच निवडा

तीन मुख्य यंत्रणा आहेत आणि नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

स्थायी मंच दरवर्षी साधारण एप्रिल-मेमध्ये न्यूयॉर्कला दोन आठवडे भरतो. पहिली बैठक 2002 ची. सदस्य 16, त्यांतले आठ सरकारांनी सुचवलेले आणि आठ आदिवासी संघटनांनी. आरोग्य, शिक्षण, संस्कृती, पर्यावरण, विकास आणि मानवाधिकार हे त्याचे विषय. तो सल्ला देतो, शिफारशी करतो. तक्रारींचा निवाडा करत नाही.

तज्ज्ञ यंत्रणा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने 2007 मध्ये नेमलेला सात जणांचा गट. तो बहुधा जुलैत जिनिव्हाला भरतो आणि विषयवार अभ्यास तयार करतो. 2016 पासून त्याला आणखी एक काम मिळालंय, ते फार थोड्यांना ठाऊक असतं: सरकार किंवा समुदाय यांच्यापैकी कुणीही विनंती केली तर तो गट मध्ये पडून बोलणी घडवू शकतो. मेक्सिकोतल्या याकी लोकांचं विधीत वापरलं जाणारं पवित्र हरणाचं शिर स्वीडनमधल्या संग्रहालयात होतं. ते 2023 मध्ये याकींकडे परत आलं, त्यामागे या यंत्रणेने घडवलेला संवाद होता.

तिसरी यंत्रणा म्हणजे विशेष प्रतिवेदक, आदिवासींच्या हक्कांसाठी 2001 पासून असलेलं एकाच व्यक्तीचं पद. जानेवारी 2025 पासून ते आल्बर्ट बारुमे यांच्याकडे आहे. विशिष्ट गावातल्या विशिष्ट अन्यायाबद्दल सरकारला थेट पत्र जातं ते इथून. तुमचं प्रकरण तातडीचं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी इथे या.

याशिवाय बँकांचा एक वेगळा मार्ग आहे. प्रकल्पाला जागतिक बँकेचा पैसा असेल तर तिच्या तपासणी मंडळाकडे तक्रार करता येते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकल्पाबाबत बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल 1992 मध्ये आला, आणि पुढच्या वर्षी, 1993 मध्ये, हे मंडळ स्थापन झालं. त्यामुळे प्रकल्पात कुणाचा पैसा आहे हे शोधणं हा तयारीचाच भाग आहे. अमेरिका खंडात आणि आफ्रिकेत प्रादेशिक मानवाधिकार न्यायालयंही आहेत, आणि तिथले निकाल सरकारांवर बंधनकारक असतात. आशियात तशी सोय नाही.

पायरी 3: तिकीट काढण्याआधी पत्र लिहा

माझ्या मते बहुतेक समुदायांनी सुरुवात विशेष प्रतिवेदकांना पत्र लिहूनच करावी. त्याला खर्च नाही, व्हिसा नाही, देशातले सगळे कायदेशीर उपाय आधी संपवण्याची अटही नाही. करारांचं पालन तपासणाऱ्या मानवाधिकार समितीसारख्या समित्यांकडे वैयक्तिक तक्रार करायची तर ती अट असते.

पत्रात नेमकं काय हवं? कोणावर अन्याय झाला, कुठे, कोणत्या तारखेला, कोणी केला, सरकारकडे काय दाद मागितली आणि काय उत्तर मिळालं. एवढंच, पण प्रत्येक मुद्द्याला पुरावा. "कंपनीचे लोक वारंवार येऊन धमकावतात" असं लिहिलं तर त्यावर पुढे काहीच करता येत नाही. "अमुक तारखेला सकाळी तीन गाड्यांतून माणसं आली, त्यांनी अमुक सर्व्हे नंबरच्या शेतात खांब रोवले, गावसभेचा विरोधाचा ठराव त्याआधी दोन महिने दिलेला होता, त्याची पोच सोबत जोडली आहे" असं लिहिलं की त्यावरून सरकारला प्रश्न विचारता येतो. ज्यांची नावं पत्रात आहेत त्यांची परवानगी घ्या. नाव सरकारला कळलेलं चालेल की नाही, हेही त्यांना स्वतंत्रपणे विचारा आणि पत्रात तसं लिहा.

प्रकरण घेतलं गेलं तर प्रतिवेदक सरकारला लिहितात. सरकारला साधारण 60 दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर ते पत्र आणि उत्तर आलं असेल तर तेही सगळ्यांना पाहता येईल असं जाहीर होतं. सरकारने उत्तरच दिलं नाही, तर तीही नोंद राहते. वर म्हटला तो कागद हाच.

पायरी 4: गावाची संमती, मगच प्रतिनिधी

जो माणूस इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलतो त्यालाच पाठवण्याचा मोह होतो. तसं करू नका. कुणाला पाठवायचं, त्याने काय मागायचं आणि काय मान्य करायचं नाही, हे गावसभेत ठरवा आणि ठराव लेखी करा. सरकारचा प्रतिनिधी पहिला घाव इथेच घालतो: "हे लोक कुणाचे प्रतिनिधी आहेत?" ठरावाची प्रत खिशात असेल तर हा प्रश्न तिथेच संपतो. दुसरं कारण आणखी महत्त्वाचं आहे. बाहेर सरकारने आपली संमती घ्यावी अशी मागणी करायची आणि घरात आपल्याच बायकांना, म्हाताऱ्यांना, दूरच्या पाड्यांना न विचारता निर्णय घ्यायचा, हे कुठल्याही तर्काने पटण्यासारखं नाही. स्त्रियांच्या हक्कांच्या समितीने 2022 मध्ये आदिवासी स्त्रिया आणि मुलींविषयी स्वतंत्र शिफारस क्रमांक 39 काढली आहे. गावसभेत स्त्रियांची जागा मागताना तीही वाचून दाखवता येते.

पायरी 5: नोंदणी, पैसा, व्हिसा

स्थायी मंच आणि तज्ज्ञ यंत्रणा या दोन्हींसाठी आदिवासी संघटनेला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेची सल्लागार मान्यता लागत नाही. ऑनलाइन नोंदणी करायची आणि संघटनेच्या लेटरहेडवर सहीचं पत्र जोडायचं. मानवाधिकार परिषदेच्या मुख्य अधिवेशनात बोलायचं तर सहसा मान्यता असलेल्या एखाद्या संस्थेच्या नावाखाली जावं लागतं.

खर्चासाठी आमसभेने 1985 मध्ये स्थापन केलेला ऐच्छिक निधी आहे. तो प्रवास आणि राहण्याचा खर्च देतो, आणि अर्ज खुद्द आदिवासी प्रतिनिधीनेच करायचा असतो. अर्जाची मुदत बैठकीच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून आदल्या वर्षीच तारीख पाहून ठेवा. व्हिसाच्या मुलाखतीचा नंबरही लवकर लागत नाही. नोंदणीची खात्री देणारं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी अर्ज करा. जास्त दिवस राहून शिकायचं असेल तर मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाची आदिवासींसाठीची फेलोशिप आहे. जिनिव्हात डोसिप ही संस्था 1978 पासून आदिवासी प्रतिनिधींना दुभाषे, कागदपत्रं आणि बसून काम करायला जागा देते. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना भेटा.

पायरी 6: तीन मिनिटं

बोलायला बहुधा तीन मिनिटं मिळतात, गर्दी असेल तर त्याहून कमी. वेळ संपली की माइक बंद होतो, मग तुम्ही वाक्याच्या मध्यात असलात तरी. दुभाषे सहा भाषांत काम करतात: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. स्वतःच्या भाषेत बोलायचं असेल तर यांपैकी एका भाषेतला अनुवाद आधी देऊन ठेवावा लागतो. घाईने वाचलं तर दुभाष्याच्या हातून नेमकी मागणीच सुटते.

पहिला मसुदा जवळजवळ प्रत्येकाचा असा असतो: "आमचा समुदाय हजारो वर्षांपासून निसर्गाशी एकरूप होऊन राहत आला आहे. निसर्ग आमची आई आहे..." हे सगळं खरं आहे, मनापासूनचं आहे, आणि त्यात दीड मिनिट जातं. समोर बसलेल्या सदस्यांनी ते सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असतं, आणि अहवालात त्यातलं काहीच लिहून घेता येत नाही. त्याऐवजी असं काहीतरी लिहा (हा नमुना काल्पनिक आहे):

"अध्यक्ष महोदय, मी अमुक नदीकाठच्या चौदा गावांच्या वतीने बोलते. आमच्या गावसभांनी विरोधाचा ठराव केलेला असताना खाणीला परवाना दिला गेला. जाहीरनाम्याच्या कलम 32 चा हा भंग आहे. मंचाने आपल्या अहवालात दोन शिफारशी कराव्यात अशी आमची मागणी आहे. एक, संमतीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सरकारने परवाना स्थगित ठेवावा. दोन, विशेष प्रतिवेदकांच्या भेटीला सरकारने मान्यता द्यावी."

पहिल्या वाक्यात कोण, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात कलम, आणि निम्म्याहून जास्त वेळ मागणीला. मागणी अशा शब्दांत मांडा की अहवाल लिहिणाऱ्याला ती जशीच्या तशी उचलता येईल. भाषणाची लेखी प्रत सचिवालयाकडे द्या, आणि ज्या सदस्याकडे तुमचा विषय आहे त्याच्या हातातही द्या.

बोलणाऱ्यांच्या यादीत नाव नोंदवूनही कधी नंबर येत नाही. म्हणून बैठकीच्या आधी भरणाऱ्या आदिवासी कॉकसला नक्की जा. तिथे जगभरातले प्रतिनिधी एकत्र बसून सामाईक निवेदनं तयार करतात. तुमचं एक वाक्य आशियाच्या किंवा स्त्रियांच्या सामाईक निवेदनात गेलं, तर ते एकट्याने केलेल्या भाषणापेक्षा जास्त वजनाने ऐकलं जातं.

पायरी 7: जिथे करार लिहिले जातात तिथे

हवामान, जैवविविधता आणि बौद्धिक संपदा यांच्या वाटाघाटींचा बाज वेगळा असतो. तिथे भाषणाला फारशी किंमत नाही, मसुद्यातल्या ओळीला आहे. खोलीत पडद्यावर मसुदा असतो, ज्यावर एकमत नाही ते शब्द चौकटी कंसात असतात, आणि रात्री उशिरापर्यंत एकेका कंसावर झुंज चालते. निरीक्षक म्हणून तुम्ही शब्द सुचवू शकता, पण जैवविविधता करारात एखाद्या तरी सरकारने "याला आमचा पाठिंबा आहे" असं म्हटल्याशिवाय ते शब्द मसुद्यात टिकत नाहीत. म्हणून खरं काम कॉफीच्या रांगेत होतं: दोन-तीन सहानुभूती असलेल्या शिष्टमंडळांना आधीच गाठायचं, तुमचे शब्द कागदावर छापून त्यांच्या हातात द्यायचे, आणि त्या कंसाची पाळी आली की त्यांच्याकडे पाहत उभं राहायचं. "राष्ट्रीय कायद्यांच्या अधीन राहून" असा तुकडा हळूच घुसतोय का, यावर डोळा ठेवा. त्याने आख्खं कलम पोकळ होऊ शकतं.

अशा चिकाटीतूनच गोष्टी घडल्यात. जैवविविधता कराराचं कलम 8(जे) 1992 पासून पारंपरिक ज्ञानाबद्दल बोलतं. त्यासाठी कायमस्वरूपी उपसमिती मात्र 2024 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात मान्य झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानाविषयीचा करार मंजूर केला. त्याआधी दोन दशकांहून जास्त काळ वाटाघाटी चालल्या होत्या. हवामानाच्या बाबतीत 2018 मध्ये स्थापन झालेल्या एका कार्यगटात सात सदस्य आदिवासींचे आणि सात सरकारांचे आहेत. हवामान परिषदेचा प्रवेशबिल्ला मिळणं अवघड असतं. आधीच निरीक्षक असलेल्या एखाद्या आदिवासी संघटनेच्या कोट्यातून मागा.

पायरी 8: सुरक्षितता

हे इतक्या उशिरा आलं असलं तरी विचार पहिल्या दिवसापासून करा. 2018 मध्ये फिलिपीन्स सरकारने दहशतवादी ठरवण्यासाठी न्यायालयात जी नावांची यादी दिली, तिच्यात त्या वेळच्या विशेष प्रतिवेदक व्हिक्टोरिया तौली-कोर्पुझ यांचंही नाव होतं. त्या स्वतः कांकाना-एय इगोरोत समुदायातल्या. पुढे ते नाव वगळलं गेलं, पण त्या पदावरच्या व्यक्तीवर ही वेळ येत असेल तर गावातल्या कार्यकर्त्याचं काय होऊ शकतं याचा अंदाज करा. कोण कधी निघणार, कधी परतणार, विमानतळावर अडवलं तर कोणत्या वकिलाला फोन करायचा, फोनमध्ये काय ठेवायचं नाही, हे आधी ठरवा. सभागृहात कुणी परवानगीशिवाय तुमचे फोटो काढत असेल, धमकावत असेल तर लगेच सचिवालयाला सांगा. सहकार्य करणाऱ्यांवर सूड उगवला गेला तर त्याची नोंद घेणारी व्यवस्था संयुक्त राष्ट्रांत आहे. घरी आल्यावर काही घडलं तर तारखेनिशी तिकडे कळवा.

पायरी 9: परत आल्यावर

परतल्यावर पहिल्या आठवड्यात गावसभा घ्या आणि काय मिळालं, काय नाही, ते खरंखुरं सांगा. अहवाल आला की तुमच्या प्रश्नाचा परिच्छेद गावाच्या भाषेत करून वाचून दाखवा, आणि पत्र जोडून संबंधित खात्याला, आयोगाला, खासदारांना पाठवा.

यात वर्षं जातात, तेही आधीच सांगून ठेवा. निकाराग्वातल्या आवास तिंगनी समुदायाने 2001 मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयात खटला जिंकला. जमिनीचा पट्टा हातात आला 2008 च्या अखेरीस. कॅनडातल्या सँड्रा लव्हलेस या मालिसीट स्त्रीचा आदिवासी दर्जा समाजाबाहेर लग्न केल्याने गेला होता. मानवाधिकार समितीने 1981 मध्ये तिच्या बाजूने मत दिलं, कायदा बदलला 1985 मध्ये. केनियातल्या एन्डोरोइस लोकांना बोगोरिया सरोवराकाठून हटवलं गेलं 1970 च्या दशकात. आफ्रिकी आयोगाचा त्यांच्या बाजूचा निर्णय 2010 मध्ये जाहीर झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना त्यानंतरही वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे.

पुढची संधी कोणती, हे कॅलेंडरवर शोधा. मानवाधिकार परिषद प्रत्येक देशाचा आढावा साधारण साडेचार वर्षांनी घेते. त्यासाठी कुणालाही लेखी माहिती पाठवता येते: एकट्या संघटनेला 2,815 शब्द, अनेकांनी मिळून पाठवली तर 5,630. आढाव्याच्या काही महिने आधीच ती पोचावी लागते. मग राजधानीतल्या परदेशी वकिलातींना भेटून दोन-तीन नेमके प्रश्न द्यायचे, म्हणजे त्यांची सरकारं ते तुमच्या सरकारला विचारतील. तुमच्या देशाच्या पुढच्या आढाव्याची तारीख आजच शोधा, आणि तिथून उलटं मोजत पुरावे गोळा करण्याचं वेळापत्रक आखा.